चाफ्याला पाणी घालू नकोस

दादा,

पाइप शोधत बसू नकोस, मी तो लपवून शाळेत चाललेय. चाफा छाटलास, ठीक. पण छाटल्यावर नवी पानं फुटेपर्यंत त्याला पाणी जवळजवळ नकोच असतं, नाहीतर मुळं कुजतात. हे परवा जेवताना मी तुला ओरडून ओरडून सांगितलं होतं. तरी काल पुन्हा बुंध्याशी तळं! स्वतःची पाण्याची बाटली कधी भरत नाहीस, आणि झाडावर एवढी माया?

आई म्हणाली ना, "चाफा आहे तोवर अंगणात गाडी येणार नाही." नेमकं तेव्हापासूनच तुझं प्रेम उतू चाललंय. मी आरोप करत नाहीये हं. फक्त बघतेय.

बुंध्याजवळची माती मी सुकायला मोकळी करून ठेवलीय. कापलेल्या टोकांना हात लावू नकोस, चीक वाळतोय. सकाळी नखाने साल जराशी खरवडून पाहिली. आत हिरवी आहे, म्हणजे झाड वाचेल.

आईला अजून काही बोलले नाहीये. मी चार वाजता घरी येते. तेव्हा माती ओली दिसली, तर गाडीचं सोड, तुझी सायकलसुद्धा अंगणाबाहेर जाईल.

तुझी बहीण