अक्काला वाचून दाखवलेलं पुस्तक

६ एप्रिल, सोम.
दु. सोनगीरहून पूनमचा फोन. अक्काची सून. आवाजात नुसता उत्साह. "मावशी, मिळालं तुमचं पुस्तक! धुळ्याला स्टँडवर होतं. आईंना रोज दुपारी वाचून दाखवते."
अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. महिनाभर वाचायचं नाही, टीव्ही नाही.
पुस्तक येऊन तीन महिने झाले. शाळेत पेढे वाटले, पिंप्राळ्यात आमच्या अख्ख्या कॉलनीला प्रती दिल्या. सख्ख्या बहिणीला नाही. तिने विचारलं की मी म्हणायची, प्रती संपल्या गं, आल्या की पाठवते.
आज तीन प्रकरणं झाली म्हणे. रोज एक.

७ एप्रिल, मंगळ.
पेपर तपासायला बसले आणि एकाच मुलीचे मार्क दोनदा मिळवले. वेगवेगळे आले.
पुस्तकाच्या पाठीवर छापलंय: समुद्रकाठचं हॉटेल, एका कुटुंबाची गुपितं, सुट्टीत एका बैठकीत संपवावी अशी कादंबरी. बायका मला सांगतात, शैलाताई, कसं सुचलं हो!
सुचलं कुठलं. बघितलं.

८ एप्रिल, बुध.
इथे तरी लिहावं. दुसरं कुणी वाचत नाही.
मी पंधरा वर्षांची. अक्काच्या लग्नाला वर्ष होत आलेलं. दाजींनी हर्णैला न्यायचं ठरवलं, सोबत म्हणून मला घेतलं. आम्ही दोघींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी म्हणाले, मासळीबाजार बघून येतो. आले चौथ्या दिवशी. मुंबईत एक बाई होती, लग्नाच्या आधीपासूनची. परत आल्यावर त्यांनीच सांगितलं, शर्ट बदलता बदलता.
ते यायच्या आदल्या दिवशी पहाटे अक्का पाण्यात शिरली होती. लुगड्यासकट, छातीपर्यंत.
घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, ह्यांना ताप आला म्हणून मुक्काम वाढला. आणि मला शपथ घातली, कोन्ले सांगू नको.
नाही सांगितलं कुणाला. आईलाही नाही. छापलं.
दाजी जाऊन तीन वर्षं झाली. ते असते तर लिहिलंच नसतं. म्हणजे भीती त्यांची होती, अक्काची नव्हती. हे आत्ता लिहिताना कळतंय.

९ एप्रिल, गुरु.
मूर्खपणा केला. पूनमला फोन करून म्हटलं, सातवं प्रकरण गाळ. जरा कंटाळवाणं झालंय.
ती म्हणाली, "गाळायचं कसं मावशी? पुढचं कळणार नाही." मग, "का हो? काय आहे त्यात?"
काही नाही म्हटलं. फार घाईने म्हटलं.
मग तिनेच सांगितलं, उद्यापरवा पाहुणे आहेत, वाचन बंद. सातवं रविवारी.

१२ एप्रिल, रवि.
सकाळच्या बसने धुळे, तिथून सोनगीर. ह्यांना सांगितलं, अक्काचा डोळा बघून येते. पुस्तक कसंही करून काढून घ्यायचं असं ठरवून गेले होते. चोरायचं म्हटलं तरी चालेल.
अक्का खाटेवर, काळा चष्मा लावून. "उनी का शैले? बरं झालं. बठ. तुन्हंच पुस्तक चालू शे."
जेवणं झाली. पूनम पुस्तक घेऊन खाली सतरंजीवर बसली. मी समोर. काय करणार होते? हातातून ओढून घेणार?
तिने सगळं वाचलं. मोठी बहीण पाण्यात जाते ते. धाकटी मागून धावते, लाटेत पडते, उठते, बहिणीच्या केसांना धरून तिला काठावर ओढत आणते ते. पूनमचा आवाज भरून आला. पुस्तक मिटून मला म्हणाली, "काय धीराची पोर दाखवलीय हो मावशी!"
मी मान खाली घातली. तिला वाटलं, लाजले.
 चष्म्यामुळे अक्काचे डोळे दिसेनात. पूनम चहा टाकायला आत गेली, तेव्हा अक्का हळूच बोलली.
"शैले, तू माले कधी ओढं?"
तिनेच पुढे सांगितलं.
"तू तं काठवर उभी व्हती. हातमां मन्ह्या चपला धरीसन."
"अक्का, चुकलं माझं. शपथ मोडली मी."
"ते राहू दे. तो गया, आते कोन्ले काय शे त्यानं. पन माले कोनी ओढं नही. मी आपली आपलीच उनू." मग परत, बोट खाटेच्या काठावर आपटत, "आपली आपली."
खरं आहे. मी उभी होते. ओरडलेसुद्धा नाही.  ती पाण्यात थांबली, किती वेळ कुणास ठाऊक, मग वळली आणि चालत आली. माझ्या हातातून चपला घेतल्या. म्हणाली, चल, भूक लागनी.
इतकी वर्षं लाज होती ती हीच. पुस्तकात मी ती पुसून टाकली. आणि पुसायला तिचंच परत येणं घेतलं.
चहा तसाच ठेवून निघाले. पूनम फाट्यापर्यंत स्कूटीवर सोडायला आली. बस दिसल्यावर म्हणाली, "मावशी, आईंच्या पेटीत एक फोटो आहे. तुम्ही फ्रॉकमध्ये, मागे समुद्र."  मी बसमध्ये चढले.

१५ एप्रिल, बुध.
ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कादंबरी आहे, कोण कशाला खरं मानतंय. बरं वाटायला हवं होतं.
उरलेली प्रकरणंही वाचून झाली म्हणे. पूनमचा मेसेज: आईंना शेवट आवडला. खाली हसरा चेहरा नाही. नेहमी असतो.

१८ एप्रिल, शनि.
प्रकाशकांचा फोन. पुस्तक चाललंय, दुसरी आवृत्ती काढतोय. काही दुरुस्त्या असल्या तर सोमवारपर्यंत कळवा.
सातवं प्रकरण काढून टाकावं? मग अक्का पाण्यात गेलीच नाही, आलीही नाही. खरं लिहावं? मग ती धाकटी मुलगी चपला धरून उभी राहील, आणि ती मीच, हे शाळेत, कॉलनीत... आणि पूनमला तर कळलंच आहे बहुतेक.

१९ एप्रिल, रवि.
सकाळपासून पान समोर. धाकटीचं धावणं खोडलं. केस धरणं खोडलं. तिला काठावर उभी केली. झालं एवढं.
मोठी पाण्यात थांबते, तिथे अडले. ती का वळली? काय आलं तिच्या मनात? मला माहीत नाही. इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. पुन्हा मनानेच काही लिहिलं तर पुन्हा तेच झालं.
दुपारी फोन लावला. पूनमने उचलला.
"आई जाग्याच आहेत. देऊ?"
म्हटलं, दे.