तारेवर कपडे नकोत

तेओलिंदा,

बोट लवकर आली आणि तू शेतावर, म्हणून न सांगताच निघालो. माशांना मीठ लावून ठेवलंय.

इकितोस शहरातल्या इस्पितळात माझी गाठ बघून डॉक्टर काय म्हणतात, ते रेडिओवरच्या निरोपांत कळवीन. इथे मोबाइलला रेंज कुठली! दिवेलागणीला बाबांचा जुना रेडिओ लाव. आधी सोलरचा डबा बंद कर, नाहीतर नुसती घरघर ऐकशील. शॉर्टवेव्हचा काटा माझ्या लाल खुणेवरून हलवू नकोस. आवाज बुडाला तर बटणं पिरगाळू नकोस. जरा दम धर, आपोआप वर येतो.

आणि अंगणातल्या अँटेनाच्या तारेवर कपडे नकोत. पण हे तुला काय सांगायचं! इतकी वर्षं तू ओले कपडे मागच्या पेरूच्या झाडावर टाकतेस. विचारलं की म्हणतेस, ‘तिथे ऊन छान लागतं.’ काल मुद्दाम बघितलं. तिथे दिवसभर सावली असते गं! मला सारं जग खणखणीत ऐकू आलं, ते तुझ्या कृपेने.

तुझा नेहमीचा टोमणा, ‘जगाचं ऐकू येतं, माझी हाक तेवढी येत नाही.’ आता हाक मी मारीन. तू ऐक.

अर्सेनियो