अकराव्या मिनिटाची वाटणी

मी, अप्पाजी राव, वय त्र्याऐंशी, राहणार पश्चिम माम्बलम, चेन्नई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि सकाळची कॉफी झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणू शकणारी एकटी माझी पत्नी त्रिपुरसुंदरी होती, आणि ती सहा वर्षांपूर्वी गेली.

१. राहता फ्लॅट मुलगा सिद्धार्थ यास मिळावा. स्पीकरसाठी पाडलेली भिंतीतली भोकं त्याने आता खुशाल बुजवावीत.

२. माझ्या धंद्याचा खुलासा करतो, कारण तो घरात कोणालाच समजला नाही. कोणी ऐकू नये असं संगीत मी चाळीस वर्षं केलं. इलेक्ट्रिक ऑर्गन वाजवून टेपा भरायच्या आणि अंबत्तूरचा नटबोल्टचा कारखाना, दातांचा दवाखाना, हॉटेलांच्या लिफ्टा, मैफली भरवणाऱ्या संगीतसभेचं कँटीन इथे लावायच्या. जेवणानंतर कामगार पेंगतात, म्हणून दर पंधरा मिनिटांनी लय किंचित वाढवायची. कोणी मान वर करून ऐकलं, की माझं काम फसलं. ते फसत नाही ना, हे पाहायला प्रत्येक टेपमध्ये अकराव्या मिनिटाला मी मुद्दाम एक वर्ज्य स्वर टाकत असे. "ही चूक जो पकडेल त्याला माझा ऑर्गन," असं मी देवासमोर त्रिपुरसुंदरीला वचन दिलं. ती म्हणाली, "म्हणजे हा डबा घरातून जात नाही."

३. सर्व टेपा नात संयुक्ता हिला द्याव्यात. ती संगणकावर संगीत रचते. माझी एक टेप तिने सोळापट संथ केली, आणि अड्यारच्या एका सभागृहात माणसं चटयांवर पडून, डोळे मिटून ती ऐकत होती. मला फार राग आला. चौघे घोरू लागले तेव्हा कुठे बरं वाटलं. "ताता, आज मशीनवर असं संगीत करतात ना, ते सगळे तुमच्याच वाटेने आले," असं ती म्हणाली. वर्ज्य स्वर मात्र तिलाही कळला नाही. ती त्याला सुंदर जागा म्हणते.

४. मेहुणे शेषाद्री, मृदंगविद्वान. लग्नापासून मला "लिफ्टीतले विद्वान" म्हणत आले. "वर जायचं, खाली यायचं, भावोजी, दुसरं काय?"  मैफलीत त्यांचं एकट्याचं वादन सुरू झालं, की अर्धी सभा उठून कँटीनला येई आणि माझी टेप चालू असताना वडे खाई. मला तेवढं पुरे होतं.

एक गोष्ट आजवर लपवली. १९९१च्या डिसेंबरात मैफल संपवून शेषाद्री कँटीनला आले. कॉफीचा टंबलर ओठाशी होता. अकरावं मिनिट आलं, आणि दाढ दुखावी तसा त्यांचा चेहरा झाला. पुढे कँटीनमधली टेप कायमची बंद होईपर्यंत दर डिसेंबरच्या संगीत हंगामात तेच. ऑर्गन द्यावा लागेल म्हणून मी हे त्रिपुरसुंदरीलाही सांगितलं नाही. याची मला लाज वाटते. जन्मभरात मला एकाच माणसाने ऐकलं, तेही नेमकं ह्याने, याचा आनंदही वाटतो.

५. म्हणून ऑर्गन शेषाद्रींना. हे मृत्युपत्र वाचताना सातवी टेप बारीक आवाजात लावावी. सर्वांनी नेहमीसारखं बोलत राहावं, आणि अकराव्या मिनिटाला शेषाद्रींच्या चेहऱ्याकडे पाहावं. तो वाकडा झाला, तर वचन पुरं झालं. नाही झाला, तर त्यांचे कान गेले असं समजून ऑर्गन तरीही द्यावा, आणि आवाज थोडा वाढवावा.

साक्षीदार:
कीर्तना नारायणस्वामी, दंतवैद्य.
अमरसिंह, निवृत्त फोरमन. यांनी कारखान्यात माझं संगीत बावीस वर्षं एकदाही ऐकलं नाही. माणूस भरवशाचा आहे.

सही: अप्पाजी राव
चेन्नई, १४ जून २०२५