नानासोंच्या तळव्यांचा प्रश्न

२ फेब्रुवारी १९४४
निश्चय. नानासोंना पत्री लागलीच पाहिजे. पत्री म्हणजे पायांच्या तळव्यांवर काठ्या. प्रतिसरकारचे लोक कुंडलकडे खबऱ्यांना आणि मातलेल्यांना लावतात, मग आमच्या गावानेच काय पाप केलंय? ओढ्याच्या पाटाचं पाणी सगळ्यांचं. पण मंगळवारची बनुबाईची पाळी महिनाभर नानासोंच्या उसाला जाते आहे. बाई एकटी, दीड एकर ऊस, तो उभा वाळतोय. अन्यायाला उत्तर एकच, श्रीमंताचे तळवे! वाईहून इथे मास्तर म्हणून आलो तेव्हापासून माझं हेच मत आहे. बोललो नव्हतो इतकंच.

३ फेब्रुवारी, सकाळ
राहतो नानासोंच्या वाड्यात, पुढच्या सोप्यात. दूध त्यांचंच, गूळही. यात विसंगती नाही. शत्रूच्या रसदीवर जगणे हा गनिमी कावा. तरी प्रिन्सिपल म्हणून आजपासून दूध अर्धा पेला.

दुपार
पूर्ण घेतलं. अर्धं ठेवलं असतं तर संशय आला असता.

६ फेब्रुवारी
बनुबाईला पाटावर गाठून सांगितलं, धीर धरा, रेव्होल्यूशन दाराशी आलंय. म्हणाली, "येऊ द्या की. पर माजी पाळी कवा येती?" या लोकांना मूळ प्रश्नच कळत नाही. वर म्हणते, "आवं मास्तर, पाळ्यांचा कागद तुमीच लिवता न्हवं?" शाळेची वेळ झाली होती. निघालो. (रविवार होता, हे नंतर लक्षात आलं.)

८ फेब्रुवारी
कागदाबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे मनात राहायला नको. गावात अक्षर माझंच बरं, म्हणून चावडीवर लागणारं पाळीपत्रक मी लिहितो. संक्रांतीच्या आधी नानासो म्हणाले, "बनुबाईचा मंगळवार आमच्याकडं घाला. टेंपररी." घातला. लेखणी माझी, इच्छा त्यांची. खून झाला म्हणून तलवार घडवणाऱ्या लोहाराला कोणी फाशी देत नाही.
विषय संपला.

१४ फेब्रुवारी
नाथाजी भेटला. पलटण सोडून प्रतिसरकारात गेलेला माणूस. म्हणाला, बनुबाईने तक्रार केलीय, शनिवारी सकाळी टेकडीमागे न्यायमंडळ बसेल. मी बोलू का विचारलं. "बोला की, लय लांबवू नका." भाषण तयार. सतरा पानं. विषय: हिंसेची नीती. मुद्दा चौथा सर्वात जोरदार आहे: सत्तेच्या तळव्यावर पडलेली काठी ही काठी नव्हे, तो इतिहास! आरशासमोर तीनदा म्हटला. अंगावर काटा आला.

२० फेब्रुवारी
काल मंडळ बसलं. आंब्याखाली शंभरेक माणसं. नानासोंनाही बोलावणं होतं, आले. मी चाळीस मिनिटं बोललो. शेवटी गरजलो, ज्या हाताने अन्याय झाला, त्याच्या तळव्यांना पत्री! टाळ्या पडल्या.
मग नानासो उठले. बेल-भंडारा उचलला. तो उचलून इकडे कोणी खोटं बोलत नाही. म्हणाले, "पानी मी घेतलं. ते माघारी देतो. पर कागद मास्तरांनी लिवला."
नाथाजीने पाळीपत्रक उलगडून सगळ्यांना दाखवलं. अक्षर सुंदर आलं होतं. "मास्तर," तो म्हणाला, "ज्या हातानं झालं, असं आत्ता तुमीच म्हनला." एकजण काठी आणायला गेलासुद्धा. मला चौथा मुद्दा आठवेना. इथे लिहायला हरकत नाही, मी फार घाबरलो.
तेवढ्यात बनुबाई उभी राहिली. "कुनालाच मारू नगा. तुमी उद्या डोंगरात जाशीला. मार खाल्लेला मानूस हितंच ऱ्हानार, अन् मी बी हितंच. मला पानी पायजे, तळवं घिऊन काय करू?"
नानासोंनी महिनाभर दोन पाळ्या जादा द्यायच्या ठरल्या. माझं काय, नाथाजीने बनुबाईला विचारलं. "ऊस ह्येंनी वाळवला. ह्येंनीच भिजवू द्या."
शिक्षा: हंगामभर दर मंगळवारी बनुबाईच्या उसात दारं धरायची, म्हणजे सरीसरीला पाणी वळवायचं.

२१ फेब्रुवारी
निषेध! त्रिवार निषेध! तत्त्वाचा पराभव झाला आहे. नानासोंचे तळवे शाबूत, आणि मला साधी पत्रीसुद्धा नाकारली. इतिहासाऐवजी खोरं! मंडळाला खरमरीत पत्र लिहिणार. सोपाही आजच सोडणार होतो, पण नानासोंनी जा म्हटलं नाही, दूधही नेहमीसारखं पाठवलं. हा माझा अपमान आहे. पूर्ण पेला घेतला.

२९ फेब्रुवारी, मंगळवार
दुसरी पाळी. पोटरीपर्यंत चिखल, हाताला फोड. एका सरीत पाणी पुरलं की दारं मातीने बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. वाटतं सोपं. बांधावर बनुबाईने भाकरी-चटणी दिली. खाताखाता तिला समजावलं की हिंसेला माझा पाठिंबा तात्त्विक होता, आणि अजूनही आहे. "व्हय व्हय," ती म्हणाली, "त्ये बगा, दारं फुटलं तिकडं."
धावलो. बुजवून परत आलो तर तिने सहज विचारलं, "ऊस वाळत हुता तवा शाळंतनं दिसायचा का वो तुमाला?"
मी पुढचं दारं फोडायला गेलो.
वर्गाच्या खिडकीतून नेमका तोच तुकडा दिसतो. रोज दिसत होता.