बोर्डावरचे सुभेदार

३ फेब्रु., सोम.
सुभेदार गेले. पहाटे, झोपेतच म्हणे. सायमन सुभेदार. पलटणीतून आल्यावर आमच्या गावचे तलाठी झाले, त्यातूनही रिटायर झाले, पर घाटनांदुरात त्यांना शेवटपर्यंत सुभेदारच म्हणायचे.
त्यांच्या घरी जायला चप्पल घातली तर बाळूचा फोन. बाळू साहेबांचा माणूस. साहेब म्हणजे इथले पुढारी. माझ्या दुकानातलं निम्मं फ्लेक्सचं काम त्यांचंच. "बे, श्रद्धांजलीचा बोर्ड पायजे. बारापर्यंत चौकात लागला पायजे."
फोटो माझ्याकडंच होता, रिटायरमेंटच्या दिवशी मीच काढलेला. पांढरा शर्ट, वरचं बटण उघडं, गळ्यात लाकडाचा क्रूस. बाळू खुर्ची ओढून शेजारी बसला.
"ते गळ्यातलं काढ."
"कावून?"
"साहेबांचा फोटो शेजारी येतोय. इलेक्शन तोंडावर हाय. उगं कुणी काही बोललं म्हणजे?"
काढला. दोन मिनिटं लागली. वरून शर्टाचा पांढरा रंग ओढला, त्याच फाईलवर सेव्ह मारलं. लोक काय एवढं निरखून बघत न्हाईत, असं मनाशी म्हणलं.

४ फेब्रु., मंगळ.
माती दिली. सुभेदारांच्या हातात तोच क्रूस ठेवला होता मार्था मावशींनी, त्यांच्या बायकोनं. परत येताना सगळे बोर्डाखालूनच आलो. फादर थांबले, वर बघितलं, गाडीत बसले. मला कुणी काही बोललं न्हाई. बोलले असते तर बरं झालं असतं.

६ फेब्रु.
डोक्यातून जात न्हाई. मी शाळेत होतो तेव्हा गारपीट झालती. डोंगरात आमची मेंढरं मेली. दादा, माझे वडील, डोक्याला हात लावून बसलेले. एवढ्या चिखलात तलाठी कशाला मरायला येतोय, म्हणत होते. सुभेदार आले. चालत. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. एकेका मेंढराला हात लावून पंचनामा लिहिला. आईनं चहा केला तर घेतला न्हाई.
"आज उपास हाय, आक्का. गुड फ्रायडे."
"आवं मग आजच कशाला आलाव? तुमचा एवढा मोठा दिवस."
"मेंढरं आज मेली ना."
तसेच चिखलाच्या कपड्यानं चर्चला गेले, उपाशी. आणि मी पंख्याखाली बसून, बाळूनं मागवलेला चहा पीत पीत... जाऊ दे. लिहायला पण लाज वाटते.

९ फेब्रु., रवि.
मावशी चर्चवरून थेट दुकानात. महिन्याची मिस्सा, त्यांच्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, ३ मार्चला, वेदीपुढं ठेवायला फोटो पायजे.
"बोर्डावरचाच दे. लई चांगला आलाय. पर बाबा, त्यात मला त्यांचा क्रूस दिसंना. मोतीबिंदू उतरला काय की डोळ्यात."
मी काय म्हणावं? "फ्लेक्स लांबून तसंच दिसतं, मावशी. दाखवून घ्या एकदा डोळे."
दाखवून घ्या! जीभ कशी झडली न्हाई माझी.

११ फेब्रु.
मूळ फोटो कुठंच न्हाई. जुना मोबाईल, पेन ड्राइव्ह, सीड्यांचा डबा, सगळं पालथं घातलं. नेटवरून क्रूस उतरवले, बसवून बघितले. सगळे सोनेरी, चकाचक. सुभेदारांच्या गळ्यात ते लग्नातल्यासारखं दिसतं. त्यांच्या क्रुसाचा दोरा काळा होता का तपकिरी? इतकी वर्षं समोर बसून चहा पेलो त्यांच्यासोबत, आठवंना.
सुरेखाला सांगितलं शेवटी. बायको हाय, कुणाला सांगणार.
"जाऊन सरळ सांगा मावशींना."
"साहेबांकडून आलतं ते. काम जाईल आपलं."
"साहेबांचं कावून सांगताव? बोट तर तुमचंच होतं."
जेवलो न्हाई.

२० फेब्रु.
मावशी दोनदा चौकात दिसल्या. बोर्डाखाली उभ्या, हात कपाळावर धरून. एकदा चष्मा पदरानं पुसला, परत बघितलं. मी शटर अर्धं ओढून घेतलं.

२७ फेब्रु., गुरु.
मावशी आल्या. अंबाजोगाईला जाऊन आल्या, एकट्या, यष्टीनं. डॉक्टरनं दोन्ही डोळे तपासले. "ह्या वयात एवढी नजर कुणाला नसती, म्हणले." मग स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.  उठंनात.
सांगितलं. आधी बाळूचं नाव घेतलं, मग साहेबांचं, मग माझं. असला मी.
रडल्या न्हाईत. एकच विचारलं, "तू ते खोडलंस तवा हे घरात होते, का मातीत?"
"घरात होते."
"मी सदरा चढवत असंन त्यांना, तवा." उठल्या. पायरी उतरताना हात द्यायला गेलो तर भिंत धरली. "फोटो राहू दे आता," म्हणल्या.

२ मार्च, रवि.
भर दुपारी शिडी लावून बोर्ड उतरवला. हॉटेलातून बाळू ओरडला, "काय करतो बे?" चौकातले सगळे बघायला लागले. आणि मी, एवढं सगळं होऊन, म्हणलं, "धूळ बसलीय लई. धुवायला काढतो."
परत खोटं. तोंडातून आपोआप येतं.
बोर्ड दुकानात गुंडाळून ठेवलाय. फाडायला हात होईना, त्यांचंच तोंड हाय त्यावर. उद्या दहाला मिस्सा. सुरेखानं साडी काढून ठेवली, मार्था मावशींकडं न्यायला डबा काढला. मी दारात उभा होतो. मला चल म्हणली न्हाई.