मुग्धाचा सातबारा

मंगळवार, संध्याकाळ. काशी.

मुग्धाला मी आज वर्गात उगाच हसले. गणिताचा हिंदीतला पेपर माझ्याच हातचा: नाण्यावर छापा व फाशावर सहा, संभाव्यता किती? उत्तर एक छेद बारा. तिने लिहिलं सात छेद बारा. "सातबारा? शेत कुठंय गं तुझं?" हे मराठीतून. वर्गात मराठी ती एकटीच, टोमणा नेमका तिलाच कळला. "बाई, पेपरात तर..." मी ऐकूनच घेतलं नाही.

आत्ता पेपर पाहिला. घाईत 'व'ला काना दिलाय मी. छापा वा सहा. म्हणजे 'किंवा'! मग सात छेद बाराच बरोबर. एवढासा काना! उद्या वर्गासमोर माफी मागेन, पण कोणत्या भाषेत? रोज निघताना "येते हं, बाई" म्हणणारी मुग्धा आज "नमस्ते मॅडम" म्हणून गेली.