तीन वाट्या, एक फुटाणा

कोल्हापूर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना, अक्षताचा सविनय जयभीम. वि. वि.

यंत्रमागानं तुमचे कान नेले, म्हणून फोनऐवजी पत्र. १५ तारखेला शाळेत माझा परीक्षेचा पाठ आहे, त्यावरच नोकरी कायम होते का ते ठरेल. ती झाली नाही तर मेमध्ये लग्न, हा तुम्ही शिरोळच्या पाहुण्यांना दिलेला शब्द ध्यानात आहे.

पाठात जादू करणार आहे. तीन पालथ्या वाट्या, एकीखाली फुटाणा. समोरच्यानं एक निवडायची. उरलेल्या दोनांतली रिकामी मी उघडते, कारण फुटाणा कुठं आहे ते मला माहीत असतं. मग विचारते, निवड बदलायची का? बदलली तर तीनांत दोनदा फुटाणा मिळतो. पण माणसं बदलत नाहीत. आईवर करून बघा आणि कळवा.

तुमची लेक,
अक्षता

कबनूर, ८ फेब्रुवारी

चि. अक्षतास जयभीम, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईवर तीसदा केलं. एकदा धरलेली वाटी ती काय सोडंना. नऊदा जिंकली. बाकीचे फुटाणे मीच खाल्ले म्हणती. चहाच्या गाड्यावर शेजारच्या सम्राटसमोर मात्र माझा पचका झाला. फुटाणा कुठं ठेवला ते विसरलो आणि नेमकी तीच वाटी उघडली. लोक हसलेले ऐकू आले न्हाईत, दिसले.

तू पाठ बघायला येणाऱ्या साहेबावर एकदाच करू नको. हातभर कापड बघून माग कसा हाय ते कोण ठरवत न्हाय. सगळ्या वर्गाला खेळायला लाव. शिरोळचं विचारू नको. दिला तो दिला.

तुझा बाप,
बाबासो

कोल्हापूर, १६ फेब्रुवारी

ती. बाबांना सविनय जयभीम.

संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह सर म्हणाले, पहिला डाव माझा. नाही कसं म्हणणार? त्यांनी वाटी बदलली नाही आणि फुटाणा त्यांच्याच वाटीखाली निघाला. तीनांत एकदा असं होणारच. ते हसत उठून गेले. मग वर्गानं छत्तीस डाव खेळले, प्रत्येक वेळी वाटी बदलून. पंचवीसदा फुटाणा मिळाला. घंटा झाली तरी पोरं उठेनात, पण ते बघायला साहेब नव्हते. कायमची जागा दुसऱ्या बाईंना मिळाली.

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? लग्नाची तारीख धरायची तर वार्षिक परीक्षेनंतरची धरा. तोवर वर्ग माझ्याकडेच आहे, बरंच शिकवायचं राहिलंय.

अक्षता

कबनूर, २३ फेब्रुवारी

चि. अक्षतास जयभीम.

तुझं पत्र वाचल्यापासून तुझी आई माझ्यापुढं ताट आदळती. आदळलेलं ऐकू येत न्हाय, पण आमटी सांडती.

काल शिरोळला गेलतो. लग्न जमत न्हाय म्हणून सांगितलं. पोराचा बाप भडकला. मला ऐकू येत न्हाय म्हणून त्यानं वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, तुमच्या शब्दाला किंमत हाय का न्हाय? मी म्हटलं, "हाय की. पण तो माझा शब्द होता. पोरीला मी विचारलंच नव्हतं."

चुकलो, बाळ. दुसऱ्या शाळांत अर्ज कर. माझ्यावर राग असंल तर असू दे, पण पत्र थांबवू नको.

बाबासो